स्वस्त माल पाहिजेच, पण हा नको

सकाळी दुकान उघडून झाडलोट करत होतो तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी येऊन पडली. मराठीत सध्या खपणारी सगळी नावं ओळीनं, आणि समोर एकच भाव. कोणतंही पुस्तक ९० रुपये, कमीत कमी ५० नग, क्वालिटी ए-वन, बिल मिळणार नाही. साडेतीनशे-चारशे छापील किंमत असलेली पुस्तकं नव्वदला! कुणा अनोळखी दलालानं पाठवली असती तर नंबर ब्लॉक करून मोकळा झालो असतो. पाठवली आमच्याच एका प्राध्यापक मित्रानं. खाली प्रेमानं लिहिलंय, "नवीन दुकान आहे, चार पैसे सुटतील. बघ."

सर, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे, म्हणून इथंच लिहितो. फोनवर बोललो असतो तर तोंडातून नको ते गेलं असतं.

तुम्ही वर्गात साहित्य शिकवता. व्याख्यानमालेत वाचनसंस्कृतीवर तासभर बोलता, मी समोर बसून ऐकलंय. सातव्या वेतन आयोगाचा पगार घेता. आणि मला सांगता चोरून छापलेली पुस्तकं विक? लेखकाला त्यातला एक रुपया जात नाही, प्रकाशकाला नाही, अनुवाद असला तर अनुवादकाला तर आधीच फारसं काही मिळत नाही, त्यालाही नाही. कॉपीराइट कायद्यात याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पोलीस आलेच तर ते माझ्या शटरसमोर येतील, तुमच्या स्टाफरूममध्ये नाही.

हा माल दिसतो कसा तेही सांगतो, कारण मागच्या महिन्यात एक पोरगा असंच एक पुस्तक बदलून मागायला आला होता. घेतलं होतं कुठल्यातरी स्टँडवरच्या गाड्यावर. मुखपृष्ठ म्हणजे मुखपृष्ठाचा काढलेला फोटो. लेखकाचा चेहरा काविळीसारखा पिवळा. कण्यावरचं नाव घसरून पुढच्या बाजूला आलेलं. कागद इतका पातळ की मागच्या पानावरची अक्षरं पुढं दिसतात, आणि बऱ्याच पानांची शेवटची ओळ कटिंगमध्ये निम्मी उडालेली. मधे एक अख्खा फर्मा गायब, म्हणजे सोळा पानं नाहीत. पोरगा म्हणाला, "काका, गोष्ट तुटायली मधीच." त्याला वाटलं लेखकानंच तशी लिहिली असेल.

यावर तुम्ही म्हणाल, मग नव्या दुकानदारानं करायचं काय, त्याला स्वस्त माल मिळणार कुठून?

मिळतो. खरा, बिलाचा, लेखकाचा हिशेब ठेवणारा स्वस्त माल मिळतो. फक्त तो आमच्यासारख्याला दाखवायची कुणाची फारशी इच्छा नसते.

दुकान काढायचं ठरल्यावर मी पुण्याला गेलो, अप्पा बळवंत चौकात. खिशात साठवलेले आणि थोडे सासऱ्यांनी दिलेले पैसे. एका वितरकाच्या काउंटरवर उभा राहिलो. काउंटरवरच्या तरुणानं मान वर न करता विचारलं, दुकान कुठं? म्हटलं, अंबाजोगाई. "पहिलं बिल रोखीनं. पंचवीस टक्के सूट. माल परत नाही." एवढी तीन वाक्यं बोलून तो पुढच्या माणसाकडं वळला. मी यादी घेऊन तिथंच उभा. तेव्हा आतून एक म्हातारे गृहस्थ आले. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, शर्टाच्या खिशात स्केचपेन, हातावर धूळ. गोडाऊन तेच सांभाळायचे. माझी यादी बघितली आणि म्हणाले, "हे सगळं नवं-कोरं घेऊन मरायचंय का? या वर."

वर माळ्यावर एक कोपरा परतीच्या मालाचा. प्रदर्शनांतून आणि दुकानांतून परत आलेल्या प्रती. कुणाचा कोपरा दुमडलेला, कुणाचा कणा उन्हानं फिक्का पडलेला, कुणावर सवलतीच्या स्टिकरचा चिकट डाग. काकांनी पोतं अंथरलं, मला खाली बसवलं आणि शिकवलं. पुस्तक आधी मधोमध उघडायचं, फर्मा उलटा किंवा दुबार बसलाय का ते बघायचं. मग दोन्ही पुठ्ठे धरून हलकं ओढायचं, बांधणी सुटते का ते कळतं. मग पानांच्या कडेला वाळवीची भोकं शोधायची. एक जरी भोक दिसलं तरी ते पुस्तक घ्यायचं नाही, नाहीतर ती तुमच्या फळीवरची बाकीची खाईल. आणि शेवटी आतल्या पानावरची किंमत वाचायची. तिथंच खरी गंमत. जुन्या आवृत्तीवर १४० छापलेलं, वर नवं स्टिकर नाही, आणि त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती ३२० ला!

आता हिशेब करा. ३०० च्या नव्या पुस्तकावर मला २५ टक्के, म्हणजे ते मला २२५ ला पडतं. भाडं-हमाली धरा प्रतीमागं आठ रुपये. गिऱ्हाईक दहा टक्के मागितल्याशिवाय हलत नाही, म्हणजे हातात आले २७०. उरले ३७. त्यातून दुकानभाडं, लाइट, आणि पुस्तक फळीवर सहा महिने बसलं तर तेही. उलट काकांच्या कोपऱ्यातलं १४० चं पुस्तक मला ५५ टक्क्यांनी ६३ ला मिळालं. ते मी १२५ ला दिलं तरी ५४ सुटतात, आणि वाचणाऱ्याला नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत खरं पुस्तक मिळतं. शिवाय पक्कं बिल. यात कुणाचं काय चोरलं, सांगा.

पण हे मला कळलं ते एका म्हाताऱ्याला दया आली म्हणून. खाली काउंटरवर कुणी सांगितलं असतं का? नाव नाही काढलं असतं.

प्रकाशकांवर माझा राग वेगळाच आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. एका प्रकाशनाकडून मी पंचवीस टक्क्यांनी, आगाऊ पैसे भरून पुस्तकं मागवली. गठ्ठा इथं पोचायच्या आत त्यांच्याच पेजवर जाहिरात, दसऱ्यानिमित्त सर्व पुस्तकांवर ४० टक्के सूट, घरपोच! म्हणजे माझं गिऱ्हाईक घरी बसून माझ्या खरेदीपेक्षा स्वस्तात घेणार आणि मी काय, फळीवर मांडून आरती ओवाळू? फोन केला तर म्हणे, "ती वाचकांसाठी योजना आहे हो." वाचक काय आकाशातून पडतात? अंबाजोगाईत पुस्तक हातात घेऊन चाळायला मिळावं म्हणून मी शटर उघडून बसलोय तर मला २५, आणि जो कधी दुकानाची पायरी चढणार नाही त्याला ४०.

बरं, त्यांचंही अडकतं हे मान्य. आमच्याच धंद्यातल्या लोकांनी उधाऱ्या बुडवल्यात आणि परतीचा माल मळवून पाठवलाय.

पण मग त्याची शिक्षा नव्या माणसाला का? प्रदर्शन लावणाऱ्याला परतीच्या बोलीवर टेम्पो भरून माल देता ना? मला प्रत्येक नावाच्या दोन-दोन प्रती तरी तशा द्या. नाही खपल्या तर कोऱ्या करकरीत परत करीन.

सरकारी पुस्तकांचंही सांगतो, कारण स्वस्त म्हटलं की आधी तीच आठवायला हवीत. नॅशनल बुक ट्रस्टची पोरांची पुस्तकं, साहित्य अकादमीची चरित्रं, साहित्य आणि संस्कृती मंडळाचे जाडजूड ग्रंथ. किमती बघून गिऱ्हाईक दोनदा विचारतं, एवढीच का? आणि बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड. एप्रिल आणि डिसेंबरात माणसं खेड्यातून एसटीनं येऊन फक्त तेवढेच विचारतात. एक बाई हातातल्या रुमालात पैसे बांधून आल्या होत्या. मी काय सांगणार? मागणी एवढी, भाव लोकांना परवडणारा, आणि खंड मिळत नाहीत. छपाई रखडली म्हणून २०२१ मध्ये उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, एवढं सांगितलं तरी पुरे. आणि जे छापलेलं आहे ते घ्यायला मी दुकान बंद ठेवून संभाजीनगरच्या शासकीय ग्रंथागारात जायचं. सरकारला तालुक्याच्या गावापर्यंत रेशन पोचवता येतं, पुस्तक नाही.

वाहतुकीवर तर बोलूच नये, पण बोलतो. पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून सगळे खूश, पण ज्या कागदावर ते छापतात त्यावर आहे, तो किमतीत येतोच. रजिस्टर्ड बुक पोस्टानं पाच किलोचा गठ्ठा ऐंशी-एक रुपयांत यायचा, ते डिसेंबर २०२४ मध्ये एका फटक्यात बंद केलं. मग ओरड झाली. मे २०२५ पासून ज्ञानपोस्ट आलं, पाच किलोला १०० रुपये आणि वर कर. चांगलंच झालं, नाही म्हणत नाही. पण ते अभ्यासाच्या, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी, आणि तुमची कादंबरी त्यात बसते का हे काउंटरवरच्या माणसाच्या मूडवर. एकानं घेतलं, दुसऱ्यानं परत केलं. ट्रॅव्हल्सवाल्याचं तर विचारूच नका, पहाटे पाचला चौकात गठ्ठा टाकून जातो. पाऊस असला तर भिजलेलं माझं, कोरडं नशिबाचं.

लिहितालिहिता राग थोडा उतरला. सर, तुम्ही वाईट हेतूनं पाठवलं नाही हे कळतं. मला तगवायचंय तुम्हाला. एमपीएससीवाली पोरं चारशेचं पुस्तक हातात घेतात, मागची किंमत बघतात आणि अलगद परत ठेवतात, हे मीही रोज बघतो. घट्ट धरून उभी राहतात आधी थोडा वेळ. त्यांनी कुठं जावं याचं उत्तर माझ्याकडं दर वेळी नसतं. पण सोळा पानं गायब असलेलं पुस्तक हे उत्तर नाही, एवढं नक्की.

काकांनी गठ्ठा बांधताना मला सांगितलं होतं, गाइडं दहा घ्या, त्यातून भाडं निघेल. तुम्हाला आवडतं त्याच्या दोनच घ्या, त्यातली एक तुम्हीच वाचाल. अगदी तसंच चाललंय. पुढच्या फळीवर स्पर्धा परीक्षा, मागच्या फळीवर माळ्यावरचा माल, आणि मागची फळी हळूहळू का होईना, हलतेय. परवा एका रिटायर्ड तलाठ्यांनी तिथून चार पुस्तकं उचलली, घासाघीस न करता! नातवाला म्हणाले, बघ, खरं आहे हे, वास घे.

काकांचा आज दुपारी फोन होता. कुठल्याशा प्रदर्शनाचा मोठा परतीचा माल आलाय, माझ्यासाठी दोन गठ्ठे बाजूला काढून ठेवलेत, शनिवारच्या आत उचला म्हणाले. तर आता काम. या आठवड्यात पुण्याहून कुणाची गाडी रिकाम्या डिकीनं अंबाजोगाईकडं येणार असेल तर इनबॉक्स करा. वजन तीस किलोच्या आसपास, सुतळीनं घट्ट बांधलेलं, पावसाचं प्लास्टिक मी पाठवतो. नगर, बीड, केज, कुठंही उतरवलं तरी मी मोटारसायकलवर घ्यायला येतो. सर, तुमची मुलगी रविवारी येणार होती ना पुण्याहून?