जिप्सीचे मागचे पाटे कडक करायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

कोकणातल्या गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) मातीच्या ट्रॅकवर जिप्सी (मारुतीची जीपसारखी गाडी) पळवायची तर मागे दोन पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वाढवा, शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडणारी हलती कडी) लांब लावा, बम्प स्टॉप (पाटा पूर्ण दबला की धक्का झेलणारा रबरी ठोकळा) कापून टाका, डावी बाजू उजवीपेक्षा कडक ठेवा आणि पाट्यांवर जळकं ऑइल मारत राहा, असं त्यात सांगितलंय. यातला शेवटचा सल्ला अर्धा खरा आहे. बाकीचे ऐकले तर गाडी हळू होईल आणि मोडेलही. एकेक मुद्दा घेऊ.

"पाटे वाढवले की गाडी डुलत नाही, म्हणून ग्रिप वाढते."

डुलणं कमी होतं, पण ग्रिप वाढत नाही. आपल्याकडे सड्यावर वर जांभ्याची सुटी खडी आणि खाली कडक कातळ. अशा जमिनीवर चाकाला प्रत्येक खळग्यात उतरून परत वर यावं लागतं. पाटे जास्त कडक असले की चाक खळग्यावरून उडतं, आणि हवेतल्या चाकाला ग्रिप कुठली?

वळणात तर आणखी वाईट. मागची बाजू पुढच्यापेक्षा कडक झाली की वजन बाहेरच्या मागच्या चाकावर जास्त जातं आणि आतलं चाक हलकं होतं. जिप्सी टू-व्हीलमध्ये मागच्या चाकांवर चालते आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) साधं असतं, त्यामुळे ते हलकं चाक नुसतं गरगरतं. ड्रायव्हरला वाटतं इंजिन कमी पडतंय.

"जरासाच जाड" म्हणून पिकअपचा पाटा घालणाऱ्यांनी एक हिशोब लक्षात ठेवावा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी आणि लांबी तीच ठेवून 6 मिमीच्या जागी 7 मिमीचा पाटा घातला, तर तो एक पाटा सुमारे 59 टक्के जास्त कडक होतो.

मग पाटे वाढवून काहींना फरक का जाणवतो? कारण त्यांचा आजार वेगळा होता. जोरात ॲक्सिलरेटर दिला की हाउसिंग (मागच्या ॲक्सलचं कवच) चाकांच्या उलट दिशेला फिरू पाहतं, पाटा नागमोडी मुरडतो, मग सुटतो, परत मुरडतो. गाडी सुटताना मागून धडधड येते ती हीच. जास्त पाट्यांनी ती दबते, पण त्याची किंमत प्रत्येक वळणात मोजावी लागते. यावर उपाय टॉर्क रॉडचा, म्हणजे हाउसिंगला फिरू न देणाऱ्या दांड्याचा: एक टोक हाउसिंगला, दुसरं चॅसीला, आणि चॅसीकडच्या टोकाला छोटा शॅकल. हा शॅकल विसरू नका. रॉड आणि पाटा वेगवेगळ्या कमानीत फिरतात. शॅकल नसेल तर सस्पेन्शन अडकतं आणि वेल्डिंग तुटतं. पाटे जुने होऊन दबलेच असतील तर कंपनीच्या मापाचा नवा सेट घाला.

"लांब शॅकलने क्लिअरन्स मिळतो."

क्लिअरन्स (गाडीची जमिनीपासूनची उंची) मिळतो, पण निम्माच. शॅकल 50 मिमीने वाढवला तर मागची बाजू साधारण 25 मिमी उचलते. तेवढ्यासाठी हाउसिंगचा कोन बदलतो आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला ताकद नेणारा दांडा) थरथरू लागतो. पाटा पूर्ण खाली लटकण्याआधीच मूळ मापाचा शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) ताणून संपतो. मग उडीनंतर सगळा झटका शॉकअपच्या माउंटिंगवर येतो, आणि ते तुटतं.

उंचीसाठी कमान जास्त दिलेल्या पाट्यांत आणखी एक दोष असतो. वळणात बाहेरचा पाटा दबून सरळ होतो, तसं ते चाक मागे सरकतं. आतला पाटा लटकतो आणि ते चाक पुढे येतं. दोन्ही मिळून मागची चाकं वळणाच्या बाहेरच्या बाजूला रोखली जातात आणि गाडी अचानक मागून सुटते.

"बम्प स्टॉप कापला की ट्रॅव्हल वाढतो."

ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली हलायची जागा, वाढतो, आणि त्या वाढीव जागेत शॉकअपचा पिस्टन तळाला आपटतो. कापण्याआधी खरंच गरज आहे का ते बघा. बम्प स्टॉपच्या टोकाला ग्रीस लावा, दोन फेऱ्या मारा आणि समोरच्या पत्र्यावर ठसा उमटलाय का पाहा. ठसा नसेल तर बम्प स्टॉपचा काही संबंधच नाही. ठसा जोरदार असेल तर आधी शॉकअप तपासा. फेरी संपल्यावर लगेच दोन्ही शॉकअपच्या अंगाला जपून हात लावा. शॉकअप धक्क्याची ताकद उष्णतेत बदलतो, म्हणून काम करणारा गरम होतो. एक गरम आणि दुसरा गार असेल तर गार असलेला मेलाय.

"अमेरिकन डर्ट ट्रॅकवाले डावी-उजवी वेगळी ठेवतात."

ठेवतात, कारण त्यांचा ओव्हल ट्रॅक फक्त डावीकडे वळतो. आपला ऑटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरची शर्यत) दोन्हीकडे वळतो. जिप्सीच्या दोन्ही बाजू सारख्याच हव्यात. सपाट जागेवर, ड्रायव्हर बसवून, हाउसिंगपासून चॅसीपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा.

"जळकं ऑइल मारा, गंज येत नाही."

यामागची काळजी खरी आहे. खारी हवा आणि वर्षाला 3,000 मिमीहून जास्त पाऊस, यात पाटे गंजतात आणि गंजलेला पाटा तुटतोही. पण ऑइलला जांभ्याची लाल धूळ चिकटते आणि पाट्यांच्या मधे पॉलिश पेपरसारखी घासत राहते. शिवाय तेलाने रबरी बुश (पाट्याच्या टोकांतल्या रबरी नळ्या) फुगतात आणि सैल होतात. त्याऐवजी प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि पाट्यांच्या मधे सुकं ग्रॅफाइट मारा.

मेसेजमध्ये यू-बोल्टचा (पाटे हाउसिंगला आवळून धरणाऱ्या बोल्टचा) साधा उल्लेखही नाही, आणि मागचा बराचसा बिघाड तिथूनच सुरू होतो. यू-बोल्ट सैल पडला की सगळा भार सेंटर बोल्टवर (पाट्यांच्या मधोमध आरपार जाणाऱ्या बोल्टवर) येतो, तो कापला जातो आणि हाउसिंग तिरकं सरकतं. पाटे खोलले की यू-बोल्ट आणि नट नवेच घाला. गाडी चाकांवर उभी करून नट आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळा. बुशचे बोल्टही गाडी खाली उतरवूनच आवळायचे. जॅकवर आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पहिल्या फेरीनंतर टॉर्क रेंचने यू-बोल्ट परत तपासा.