आधी जनुक तपासा, मग किमतीवर बोलू

स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर नव्या औषधाची बातमी आली की बडोद्यात आमच्या घरच्यांचे दोन तट पडतात. दांडिया बाजारातले काका विचारतात, चार महिने वाढवून देणाऱ्या औषधासाठी घर विकायचं का? अलेंबिक या औषध कंपनीतून निवृत्त झालेले मामा म्हणतात, पेटंट संपू दे, तेच औषध आपल्याकडे स्वस्तात बनेल.

न्यू जर्सीत बसून ऐकताना मला दोघांचंही पटतं. पण दोघंही मधली एक पायरी गाळतात.

ही औषधं सरसकट चालत नाहीत. या कॅन्सरच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत केआरएएस जनुक बिघडलेलं असतं, आणि पेशींना 'वाढा' हा हुकूम सतत मिळत राहतो. त्याचं प्रथिन इतकं गुळगुळीत, की कित्येक दशकं औषधाला धरायला जागाच सापडेना. २०१३ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ केव्हन शोकाट यांच्या प्रयोगशाळेला या बिघाडाच्या जी१२सी या प्रकारात एक खाच सापडली आणि २०२१ मध्ये त्या प्रकारावरच्या सोटोरासिब या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी. स्वादुपिंडात हा प्रकार शंभरात एक-दोघांचाच. तिथे जी१२डी जास्त, म्हणून आता त्यावरच्या औषधांवर, आणि एकाच वेळी अनेक प्रकारांवर चालणाऱ्या डॅरॅक्सोनरासिबसारख्या औषधांवर काम सुरू आहे. ओलापॅरिब हे दुसरं औषध तर बीआरसीए या वेगळ्या जनुकात जन्मतः दोष असलेल्यांसाठीच. चाचणीत त्याने आजार ३.८ ऐवजी ७.४ महिने रोखला, एकूण आयुष्य मात्र लक्षणीय वाढलं नाही. काकांचा प्रश्न निष्ठुर नाही, तो रास्तच आहे.

पैशाची ओढाताण इथेही आहे, विमा कंपनीच्या मंजुरीसाठी लोक ताटकळतात. पण निदान होताच जनुक तपासणी करा, असं इथली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यामुळे कुठलं औषध, नव्या औषधाच्या कुठल्या चाचणीत भाग घ्यायचा, हे बोलणं अहवाल समोर ठेवून होतं. आत्याला हाच कॅन्सर झाला तेव्हा बडोद्यात हा विषय निघाला, तोवर तिच्यात नवं काही सोसायची ताकद उरली नव्हती. याचा मला अजून राग येतो.

विमा असो की सरकारी कार्ड, तपासणीचा खर्च केमोसोबतच मंजूर व्हायला हवा. मामांचं स्वस्त औषध उद्या आलं, तरी ते कुणाला द्यायचं हे अहवालाशिवाय कळणार नाही. शिवाय बीआरसीए दोष पुढच्या पिढीत उतरतो, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोकाही वाढवतो. म्हणून आत्याच्या मुलींची तपासणी आधी करून घ्या, असं मी काकांना आणि मामांना दोघांनाही कळवलं आहे.