‘१ लाख ल्युमेन’च्या टॉर्चबद्दल खुलासा

नाशिकजवळच्या मखमलाबाद, गिरणारेकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘खिशातली टॉर्च, १ लाख ल्युमेन, ९९०० एमएएच सेल, मळ्यात दिवस उजाडेल!’ यातले दोन्ही आकडे, म्हणजे उजेडाचं माप (ल्युमेन) आणि सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप (एमएएच), खोटे आहेत.

आत असतो तो १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. या मापात नावाजलेल्या कंपनीचा सेलही साधारण ३५०० एमएएचच्या आसपासच असतो. माझ्याकडे आलेला ‘९९००’वाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर २८ ग्रॅम. चांगला सेल ४५च्या आसपास भरतो. आणि ल्युमेनचं म्हणाल, तर एका वॉटला एलईडी फार तर दीडशे-दोनशे ल्युमेन देतो. १ लाखाला निदान पाचशे वॉट लागतील. मग ती टॉर्च कसली, इस्त्रीच झाली!

रोज खिशात ठेवायला २००-३०० ल्युमेन पुष्कळ. जिन्यात किंवा लाइट गेल्यावर घरात त्याहून कमीच बरं, डोळे दिपत नाहीत. उसाच्या कडेने जायचं असेल तर झोत किती लांब जातो ते बघा. मी पेन्सिल सेलवरची वापरतो. सेल गावच्या किराणा दुकानातही मिळतो. बटण मात्र जरा कडक हवं, नाहीतर खिशातच पेटते.