२.० मध्ये नवीन काहीच नाही, काकाजी

काकाजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांब होती, तिखट होती, आणि मी दोन ओळींत उरकलं असतं तर तुम्ही पुन्हा लिहिलंच असतं. म्हणून सवडीनं लिहितोय.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बाइंडिंग, म्हणजे एका प्रोग्रामिंग भाषेतला कोड दुसरीतून वापरायला लागणारा जोड, तयार करणाऱ्या आमच्या टूलची २.० आवृत्ती कशी असावी, यावर मी मागं लिहिलं होतं. वजनकाटा आणि मॉइश्चर मीटर यांचे ड्रायव्हर (त्या यंत्रांशी बोलणारे प्रोग्राम) सी आणि सी प्लस प्लस या भाषांमध्ये असतात. ते पायथन आणि जावातून वापरता यावेत म्हणून मधला रॅपर कोड हे टूल लिहून देतं. त्यावर हिंगणघाटकडच्या कापसाच्या जिनिंगांमध्ये काट्याचे कॉम्प्युटर सांभाळणारे काकाजी लिहितात, "भाऊ, चालू आहे ते मोडता काहून? तुम्हा पोट्ट्यायले कोड देखणा करायचा हाय, आमाले हंगाम काढायचा हाय. ज्याले नवं पाह्यजे त्याच्यासाठी स्विच ठेवा, आमचं जुनं राहू द्या. नाहीतर तो स्विग काय वाईट हाय?" (स्विग म्हणजे असंच बाइंडिंग बनवणारं दुसरं, जुनं टूल.) शिवाय विंडोज ७ आणि पायथन २ वरच्या एका जुन्या मशीनचं काय करायचं, हा प्रश्न.

आधी मोठी गोष्ट सांगतो. तुमचा समज असा दिसतो की २.० म्हणजे नव्या सोयींचं गाठोडं, आणि त्या सोयींच्या हौसेपायी तुमचं चालतं काम मोडणार. तसं नाही. २.० मध्ये नवीन काहीच येणार नाही. जे काही नवं आहे ते सगळं १ च्याच मालिकेत, १.९ मध्ये येईल, आणि तुमचं काहीही न मोडता येईल. २.० मध्ये फक्त वजाबाकी आहे. १.९ ज्या गोष्टींवर इशारा देतं त्या गोष्टी २.० नाकारतं. तुमच्या स्क्रीनवर १.९ चा एकही इशारा उरला नसेल तर २.० तुमच्यासाठी त्याच टूलचं दुसरं नाव आहे.

आता "चालू आहे" याबद्दल. हाच शब्द मला खटकला. काय चालू आहे ते जवळून बघू.

काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवरून सतत आकडे पाठवत असतो. ड्रायव्हर त्यातून एक छोटी नोंद बनवतो: वजन किती, काटा स्थिर आहे की हलतोय, वेळ काय. ही नोंद ड्रायव्हरच्या काटा-ऑब्जेक्टच्या पोटात असते, आणि पायथनला आपण तिचा नुसता पत्ता, म्हणजे पॉइंटर देतो. टूल सुरू झालं तेव्हा खालचे ड्रायव्हर साध्या सीमधले होते. त्यांचा बफर (नोंद ठेवायची जागा) प्रोग्राम बंद होईपर्यंत एका जागी राहायचा, म्हणून पत्ता देणं पुरेसं होतं आणि वेगवानही होतं. पुढं सी प्लस प्लसचे ड्रायव्हर आले. त्यांत काटा-ऑब्जेक्ट संपला की त्याच्या पोटातली नोंदही संपते.

समजा कुणी दोन ओळी लिहिल्या: पहिलीत काटा उघडून एका नावात ठेवला, दुसरीत त्या नावाकडून शेवटचं वजन घेतलं. बरोबर चालेल, कारण ते नाव काट्याला धरून आहे. आता तेच काम कुणी एका ओळीत लिहिलं, काटा(पोर्ट).शेवटचं_वजन(). वाचायला हे जास्त नेटकं. पण इथं काट्याला धरणारं नावच नाही. ती ओळ संपता संपता पायथनच्या हिशेबात काट्याचे संदर्भ शून्य होतात, काटा मोडीत निघतो, आणि वजनाची नोंद ज्या जागेत होती ती जागा मोकळी होते. मक्त्यानं केलेलं वावर मालकानं परस्पर विकावं आणि पेरणाऱ्याला पत्ताच नसावा, तसं हे. पायथनच्या हातात पत्ता तोच, पण तिथं आता आपलं काही नाही.

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) मोकळी झालेली जागा लगेच पुसली जात नाही. दुसऱ्या कुणी ती मागून घेईपर्यंत जुने आकडे बहुतेकदा तिथंच पडून असतात. म्हणून चाचणीत वजन बरोबर दिसतं, दुपारी बरोबर दिसतं, आणि संध्याकाळी गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना, पावती छापायचा कोड मध्येच मेमरी मागतो तेव्हा, रिकाम्या ट्रॉलीचं वजन म्हणून भलताच आकडा येतो. आकडा अगदीच अशक्य आला तर निदान काटेवाला थांबतो. तो पटण्यासारखा आला तर? भरल्या गाडीतून रिकामी वजा झाली की निव्वळ कापूस. त्यावर शेतकऱ्याचे पैसे. हा प्रकार एका जिनिंगमध्ये घडलेला आहे आणि तिथंही सगळे "चालू आहे" असंच म्हणत होते.

यावर उपाय जगाला माहीत आहे. पायबाइंड-११ (सी प्लस प्लसची पायथनसाठी बाइंडिंग बनवायची लायब्ररी) मध्ये प्रत्येक परत येणाऱ्या वस्तूची मालकी कुणाची, हे सांगायची सोय आहे: प्रत काढायची, मालकी पायथनला द्यायची, की आतली वस्तू हातात असेपर्यंत बाहेरच्या वस्तूला जिवंत ठेवायचं. स्विगमध्येही मालकी सांगायचे स्वतःचे मार्ग आहेत. आमच्याकडं १.९ मध्ये इंटरफेस फाइलीत (रॅपर कशाचा आणि कसा बनवायचा हे टूलला सांगणारी फाइल) हेच तीन पर्याय लिहिता येतील. लिहिले नाहीत तर टूल इशारा देईल आणि जुन्यासारखंच वागेल. २.० मध्ये लिहिले नाहीत तर टूल रॅपर बनवायलाच नकार देईल, फाइलीतली ओळ दाखवून. म्हणजे मोडलंच तर ते रॅपर बनवणाऱ्याच्या टेबलावर, पावसाळ्यात, चहा पिता पिता मोडेल.

आता स्विच. जुनं वागणं हवं त्याला जुनं, नवं हवं त्याला नवं. ऐकायला सगळ्यांचं भलं. तीन स्विच ठेवले की आठ तऱ्हेची टूलं होतात आणि प्रत्येक तऱ्हा पायथन आणि जावा दोन्हीवर तपासायची. तपासणारे आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण खरी अडचण ही नाही, मेहनत केली असती. तुमच्याच मशीनचं उदाहरण घ्या. काट्याचा मॉड्यूल तुम्ही बनवलेला, पावतीचा मॉड्यूल दुसऱ्या कुणाचा, दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये. तुमच्याकडं जुना स्विच, त्याच्याकडं नवा. वजनाची नोंद तुमच्या मॉड्यूलमधून त्याच्याकडं गेली, तर ती मोकळी कुणी करायची? दोघांनी केली तर प्रोग्राम जागीच कोसळू शकतो. कुणीच नाही केली तर हंगामभर मेमरी गळत राहील. मालकीचा नियम दोन्ही बाजूंना एकच असावा लागतो, तो स्विचवर ठेवता येत नाही.

दुसरी वजाबाकी अक्षरांची, आणि ही तुम्हाला जास्त बोचणार आहे.

सीमध्ये मजकूर म्हणजे नुसत्या बाइटची माळ. ती कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे कुठले बाइट म्हणजे कुठलं अक्षर या कोणत्या पद्धतीत आहे, हे माळेवर लिहिलेलं नसतं. १ च्या मालिकेत पायथन २ ला आपण ती माळ तशीच देतो, आणि पायथन ३ वर त्या मशीनच्या सेटिंगनुसार अंदाजानं वाचतो. विंडोजवर हा अंदाज देवनागरीसाठी चुकणारच, कारण विंडोजमध्ये मराठी-हिंदीला सिस्टिमचं म्हणून लावता येईल असं जुन्या पद्धतीचं कोडपेजच (अक्षरांचा तक्ता) नाही, त्या युनिकोडवरच (सगळ्या लिप्यांचा एकच तक्ता) चालतात. म्हणून शेतकऱ्याचं नाव ड्रायव्हरपर्यंत जाऊन पावतीवर येतं तेव्हा प्रश्नचिन्हांची ओळ होते. पाच प्रश्नचिन्हं, आठ प्रश्नचिन्हं. मग काटेवाला पेनानं वर नाव लिहितो. हे तुम्ही पाहिलेलं असणार.

२.० मध्ये मजकूर यूटीएफ-८ (युनिकोड बाइटमध्ये लिहायची पद्धत) च समजला जाईल आणि तसा नसेल तर चूक म्हणून थांबेल. यात तुमची अडचण कुठं आहे ते मला माहीत आहे: कृतीदेव आणि श्रीलिपी या जुन्या फॉन्टांतल्या पार्टी मास्टरच्या, म्हणजे माल आणणाऱ्यांच्या नावांच्या, जुन्या याद्या. त्या फॉन्टांत स्क्रीनवर देवनागरी दिसते, पण फाइलीत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचेच बाइट असतात. असं नाव यूटीएफ-८ म्हणून वाचायला गेलं तर दोनपैकी एक होतं. एक तर चूक येते, नाहीतर, आणि हे जास्त वाईट, चूक न येता अगम्य रोमन अक्षरं येतात, कारण त्या नावातले सगळे बाइट योगायोगानं साध्या इंग्रजीतलेच असतात. टूल दुसरा प्रकार ओळखू शकत नाही, कुठलंच टूल ओळखू शकणार नाही. म्हणून अशा फंक्शनसाठी इंटरफेस फाइलीत "कच्चे बाइट" असं लिहायचं. मग टूल हात लावणार नाही आणि रूपांतर तुमच्या कोडात तुमच्या माहितीनं होईल. ही खूण १.९ मध्येही चालेल.

"१.९ मध्येही चालेल" हे मी पुन्हा पुन्हा का सांगतोय, तर त्यामागं पायथनचाच धडा आहे. पायथन ३.० आलं डिसेंबर २००८ मध्ये, आणि पायथन २ बंद झालं १ जानेवारी २०२० ला. मध्ये अकरा वर्षं. सुरुवातीला सल्ला असा होता की जुना कोड एका प्रोग्राममधून घालून नव्यात बदलून घ्या आणि पुढं जा. लोकांना ते जमेना, कारण त्यांचे ग्राहक दोन्हीकडं होते. त्यांना एकच फाइल दोन्हीवर चालायला हवी होती. युनिकोड मजकुरापुढं लिहायचं ते एक यू अक्षर ३.० मधून काढून टाकलं होतं, कारण त्याची आता गरज नव्हती. तांत्रिकदृष्ट्या बरोबरच. पण त्या एका अक्षरामुळं एकच फाइल दोन्हीवर चालेना. शेवटी २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत ते यू परत आणलं. काम काहीच करत नाही, फक्त चालवून घेतलं जातं. आमच्या आराखड्यातली पहिली अट तिथून आलेली आहे: एकच इंटरफेस फाइल १.९ आणि २.० दोन्हीवर, एक अक्षर न बदलता चालली पाहिजे. जिथं हे जमत नाही तो बदल २.० मध्ये घ्यायचा नाही, तो कितीही गोड वाटला तरी. दोन बदल याच अटीवर बाद झाले आहेत. त्यांतला एक माझा लाडका होता, जाऊ द्या.

स्विग वाईट नाहीच. डेव्हिड बीझली यांनी ते १९९५ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत सुरू केलं आणि आजही ते कितीतरी भाषांसाठी बाइंडिंग बनवतं. २०१९ च्या ४.० आवृत्तीत स्विगवाल्यांनी प्रत्येक भाषेला "समर्थित" किंवा "प्रायोगिक" असा दर्जा लावला आणि ज्यांकडं बघायला कुणी नव्हतं अशा काही जुन्या भाषा बंद केल्या. म्हणजे मोठ्या आवृत्तीत वजाबाकी तेही करतात. नवीन काम सुरू करणाऱ्याला मी स्वतः स्विग किंवा पायबाइंड सुचवतो. आमचं टूल टिकून आहे ते दोन कारणांनी: किलो आणि क्विंटल यांची गल्लत ते रॅपरमध्येच अडवतं, आणि काही चूक झाल्याचा संदेश काटेवाल्याला मराठीत दाखवतं. "पोर्ट उघडत नाही, केबल तपासा" हे रात्रपाळीच्या पोराला कळतं. इंग्रजी संदेश आला की तो थेट तुम्हाला फोन लावतो, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?

विंडोज ७ चा प्रश्न मी लेखात उघडा ठेवला होता, तुमच्यामुळं तो निकाली निघाला. विंडोज ७ वर पायथन ३.८ पर्यंतच चालतं, ३.९ पासून नाही. दुसरीकडं, एकदा बनवलेलं पॅकेज पुढच्या सगळ्या पायथनवर चालावं म्हणून पायथनचा स्थिर एबीआय (तयार पॅकेज आणि पायथन यांच्यातला आवृत्तीगणिक न बदलणारा सांधा) वापरायचा आहे. त्यात मोठा डेटा प्रत न काढता पाठवायची सोय ३.११ पासूनच आहे. ती घेतली तर विंडोज ७ सुटतं. पण काट्यावरून येतात ते दर सेकंदाला मूठभर बाइट. त्यांची प्रत काढायला काय लागतं? म्हणून ती सोय सोडली. २.० ची किमान अट पायथन ३.८. पायथन २ मात्र गेलं. ते मशीन १ च्या मालिकेवर राहील, आणि १.९ नंतर पुढचे दोन हंगाम त्या मालिकेला फक्त दुरुस्त्या मिळतील, नवं काही नाही.

हंगामाचं म्हणाल तर आम्हीही इथंच राहतो. दसऱ्याच्या सुमारास सीतादही (कापूस वेचणीच्या मुहूर्ताची पूजा) होते आणि त्यानंतर जिनिंगच्या कॉम्प्युटरला कुणी हात लावत नाही. २.० पोळा फुटायच्या आत आलं तर येईल, नाहीतर सरळ पुढच्या उन्हाळ्यात, खरेदी आटोपल्यावर. १.९ त्याआधी येईल.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. तुमच्या पॅकेजांच्या यादीत आमच्या टूलपुढं "२ पेक्षा कमी" ही अट आजच लिहून टाका, म्हणजे कुणी चुकून अपडेट केलं तरी २.० आपोआप येणार नाही. आणि कृतीदेवमधली पार्टी यादी पाठवा, खरी नावं काढून, चारदोन बनावट नावं टाकून. "कच्चे बाइट"ची चाचणी मला त्याच्यावर करायची आहे.