एक गळलेला ‘य’ आणि जेलमधून बाहेर पडलेलं अणूचं पुस्तक

सुरुवात झाली एका पार्सलवरून. ओळखीतला एक मुलगा अंडरट्रायल (खटला चालू, निकाल नाही) म्हणून जेलमध्ये आहे, केस काय ते सोडा, त्याच्यासाठी आम्ही आठ पुस्तकं पाठवली. तीन आत गेली आणि पाच परत आली, त्यातल्या दोनांचे पुठ्ठे फाडलेले. का परत केली ते कुठेच लिहिलेलं नाही, गेटवर त्याच्या आईला, म्हणजे आमच्या काकूंना, "नियम आहे" एवढंच सांगितलं. कुठला नियम ते शोधायचं काम माझ्या गळ्यात, कारण काय तर "तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतेस ना". काकू, मी अकाउंट्सला आहे. असो.

तर रात्री भांडी आवरून बसले. आधी सरळ मराठीत टाकलं, "कैद्याला पुस्तक वाचण्याचा हक्क". आलं काय, तर जेलमधल्या रक्षाबंधनाचे फोटो आणि जेलच्या बेकरीच्या बातम्या. तासभर हेच. मग ट्यूब पेटली की सरकारी कागदात कैदी हा "कैदी" नसतोच. तो डेटेनू (खटल्याशिवाय स्थानबद्ध) असतो, अंडरट्रायल असतो, कन्व्हिक्ट (शिक्षा झालेला) असतो, कोर्टात गेला की पिटिशनर (अर्जदार) होतो आणि तो जिंकल्यावर सरकारने अपील केलं की रिस्पॉन्डंट (प्रतिवादी) होतो. आपला शब्द टाकला तर कोर्टाच्या निकालांचं ऑनलाइन अर्काईव्ह ढिम्म, त्यांचा शब्द टाकला की लगेच घडाघडा बोलायला लागतं. आणि सुप्रीम कोर्टाचे जुने रिपोर्टेड निकाल २०२३ पासून फुकट बघता येतात, म्हणजे कुलूप नाहीये, फक्त किल्लीवर मराठी चालत नाही.

"डेटेनू, बुक, पब्लिकेशन" असं टाकलं आणि समोर आलं: महाराष्ट्र सरकार विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी, ६ सप्टेंबर १९६५.

रात्रीचा दीड वाजला होता आणि मी खुर्चीत ताठ बसले. संझगिरी म्हणजे कम्युनिस्ट, कामगार चळवळीतले. चीन युद्धानंतर देशात आणीबाणी होती (हो, ७५ च्या आधीही एक होती, १९६२ ची, आणि ती चांगली १९६८ पर्यंत चालली), डिफेन्स ऑफ इंडिया रूल्स या आणीबाणीतल्या नियमांखाली सरकारने त्यांना स्थानबद्ध करून मुंबईच्या जेलात ठेवलेलं. म्हणजे ना खटला ना शिक्षा, नुसतं आत. तर या माणसाने आत बसून काय करावं? अणूवर पुस्तक लिहिलं, मराठीत! तेही सरकारची परवानगी घेऊन. लिहून झाल्यावर म्हणाले, हस्तलिखित बाहेर पाठवतो, छापू दे. सरकार म्हणालं, नाही. हायकोर्टाने अनुक्रमणिका बघितली आणि म्हटलं की हे मूलकणांबद्दलचं, क्वांटम थिअरीचं पुस्तक आहे, याने देशाच्या संरक्षणाला कसला धोका? पाठवू द्या. यावर सरकार गप्प बसावं की नाही, तर थेट सुप्रीम कोर्टात अपील.

सरकारचं तिथलं म्हणणं मी तीनदा वाचलं. म्हणणं असं, की स्थानबद्धतेच्या अटींमध्ये ज्या सवलती लिहिल्यात तेवढ्याच या माणसाला, पुस्तक लिहून बाहेर पाठवायची सवलत त्यात लिहिलेली नाही, सबब हक्क नाही. न्यायमूर्ती सुब्बा रावांनी याला जे उत्तर दिलंय ते मला पाठ झालंय आता, म्हणजे शब्दशः नाही, पण सार असं की हे जर मान्य केलं तर उद्या अटींमध्ये जेवणाचा उल्लेख नसेल तर माणसाला उपाशी मारता येईल. संपलं. आणीबाणीमुळे त्याला कोर्टात यायचाच अधिकार नाही हा दुसरा मुद्दाही टिकला नाही, कारण ही मनाई मुळात त्या नियमांत बसतच नव्हती, मग त्या नियमांची ढाल कशी घेणार? सरकारचं अपील फेटाळलं.

मला आठवले टिळक. मंडालेत "गीतारहस्य" लिहिलं ते पेन्सिलीने, इंग्रजांनी ती हस्तलिखितं ठेवून घेतली आणि १९१४ ला टिळक सुटल्यावर परत दिली, १९१५ ला पुस्तक आलं. साने गुरुजींनी "श्यामची आई" लिहिली ती नाशिकच्या जेलमध्ये. जेलमधल्या लिखाणाचं आपल्याला केवढं कौतुक, शाळेत निबंध लिहिलेत त्यावर. आणि मराठी माणसाचं वेगळं राज्य होऊन जेमतेम पाच वर्षं झाली तोवर महाराष्ट्र सरकार एका मराठी विज्ञानाच्या पुस्तकाला अडवायला दिल्लीपर्यंत गेलं! इंग्रजांचं कौतुक करत नाहीये मी, कमेंटमध्ये तलवारी काढू नका.

आता खरी गंमत. त्या पुस्तकाचं नाव अणूच्या अंतरंगात. निकालात ते रोमन लिपीत आहे आणि "अणूच्या" मधला य गळालाय, म्हणजे ते वाचताना "अनुचा अंतरंगात" असं वाचलं जातं, जणू काही कोण ती अनु आणि तिचं कोण काय. आडनाव मी चार प्रकारे टाईप केलं, झ ने, ज ने, अनुस्वार देऊन, काना देऊन, त्यातलं जे कोर्टाच्या टायपिस्टने साठेक वर्षांपूर्वी वापरलं तेच फक्त चाललं. एका साईटवर तर स्कॅनच्या समासातली ए, बी, सी, डी ही अक्षरं मधेच वाक्यात घुसलेली. म्हणजे मराठी माणूस, मराठी पुस्तक, मुंबईचं जेल, आणि मराठीतून शोधलं तर शून्य.

जॉर्ज फर्नांडिसांचीही केस सापडली, त्याच काळातली. ते नागपूर सेंट्रल जेलमध्ये, आणि सुपरिंटेंडेंटने ठरवलेलं की एका माणसाकडे बाराच पुस्तकं. बाराच का? तर बारा. मुंबई हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. काकूंचं पार्सल माझ्या डोळ्यासमोर आलं.

मग सवयच लागली, रोज रात्री एक. १९७८ ची होस्कोटची केस. बनावट डिग्र्यांचं प्रकरण, माणूस काही हुतात्मा वगैरे नाही, पण मुद्दा काय तर हायकोर्टाच्या निकालाची प्रत जेलच्या ऑफिसला दिली आणि ती त्याला मिळाली याची पोचच नाही. कोर्ट म्हणालं प्रत फुकट आणि वेळेत द्या, पोच घ्या आणि वकील परवडत नसेल तर तोही द्या. १९८३ ची शीला बारसे, पत्रकार. मुंबईच्या जेलमध्ये १५ बायकांशी बोलल्या, त्यातल्या पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं, बारसेंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि ते पत्रच याचिका झालं. बायकांसाठी वेगळी कोठडी, तिथे महिला कॉन्स्टेबल, हे आपण आज गृहीत धरतो ते यातून आलं. पण बाकीच्या दहाजणी काय म्हणाल्या असतील? निकालात पाच हा आकडा आहे, आवाज एकीचाही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्कॅन करून वर टाकलं म्हणजे अर्काईव्ह झालं असं नाही हो. प्रत्येक केसला मराठीत चार ओळी, नावं देवनागरीत, आणि लोक वापरतात ते शब्द, कैदी, कोठडी, पुस्तक, मुलाखत, एवढं जोडायला काय रॉकेट सायन्स लागतं का? अणूविज्ञान तर आधीच लिहून झालंय! ज्याला याची गरज आहे तो गेटबाहेर उभा असतो मोबाईल घेऊन, त्याला डेटेनू शब्द कुठून सुचणार.

काकूंना वकिलामार्फत अर्ज करायला सांगितलाय, पुस्तकं का नाकारली ते लेखी द्या म्हणून, सोबत संझगिरी आणि फर्नांडिस या दोन्ही केसची नावं. आणि तोवर पेपरबॅक प्रती घेऊन ठेवल्यात, पुठ्ठाच नको.

बाकी सर्चला सापडावं म्हणून इथे टाकून ठेवते: अणूच्या अंतरंगात, अणुच्या अंतरंगात, अनुचा अंतरंगात, संझगिरी, सांझगिरी, संजगिरी, सांजगिरी.