माल्टा दोन दिवसांत उरकण्याची पद्धत

इटलीच्या दहा दिवसांच्या सहलीला शेपूट म्हणून माल्टा जोडायचं ठरलंय ना? छान. सगळी बेटं मिळून 316 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईच्या जेमतेम निम्मा देश. त्याला दोन दिवस देताय, हे तुमचं औदार्यच म्हणायचं.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. यातला फक्त दुसरा आकडा लक्षात ठेवा. जिथे जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज, असा नियम आहे. तेव्हा दहा रात्री इटलीत आणि दोन माल्टात असताना अर्ज माल्टाकडे टाका, मावसभावाने तसं सांगितलंय ना! प्रवासविमा सर्वांत स्वस्त घ्या. त्यात 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण आहे की नाही, ते काउंटरवरच्या बाई सांगतीलच.

बॅगेत पेढे, साजूक तूप आणि श्रीखंडाच्या वड्या हव्यातच. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघाची बंदी आहे, पण आपलं घरचं तूप आहे म्हटल्यावर कस्टमवाले समजून घेतील. हापूसही घ्या, त्यालाही तिथे झाडपाल्याच्या आरोग्याचा दाखला लागतो. नारळ मात्र चालतो, कुणाची ओटी भरायची असेल तर सोय आहे. आणि दुकानातून ‘युरोप’ लिहिलेला, दोन गोल पिनांचा ॲडॉप्टर आणा. 1964 पर्यंत इंग्रजांचं राज्य होतं, त्यामुळे माल्टात ब्रिटिश पद्धतीचे तीन चपट्या पिनांचे सॉकेट आहेत. गाड्याही आपल्यासारख्या डावीकडून चालतात. म्हणजे इटलीत चाललेला ॲडॉप्टर इथे शोभेला टेबलावर ठेवता येईल.

महिना ऑगस्टच निवडा. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर ही उन्हाची किंमत न कळणाऱ्यांची निवड. ‘हजार इम’ आणि ‘म्नायद्रा’ ही दगडी मंदिरं पाच हजार वर्षांहून जुनी, इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची. तिथे दुपारी एकला पोचा. दगड झिजू नये म्हणून 2009 मध्ये दोन्हींवर तंबूसारखी छपरं घातली, पण दोन मंदिरांमधली अर्धा किलोमीटरची वाट उघडीच आहे. जाताना उतार असतो, म्हणून पाण्याची बाटली गाडीतच ठेवा. चढ येताना लागतो.

आता बस. हिच्यावर जरा वेळ घालवू, कारण तुमचे दोन दिवस मुख्यतः हिच्यातच जाणार आहेत. रेल्वे हवी असेल तर 1931 च्या आधी जायला हवं होतं, त्या वर्षी ती बंद झाली. नकाशात राजधानी व्हॅलेटा ते फेरीबोटीचा चिर्केव्वा धक्का पंचवीसेक किलोमीटर दिसतो. आपण मनात अर्धा तास धरतो, बस सव्वा तास घेते आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. थांब्यावर निवांत फोन बघत उभे राहा. हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही आणि भरलेली असेल तर हात दाखवूनही थांबत नाही. व्हॅलेटाच्या मुख्य स्थानकातून, जिथून बस रिकामी सुटते, तिथून बसण्याचा भित्रेपणा करू नका. मधल्याच थांब्यावरून चढायचा हट्ट धरा, म्हणजे तीन बसगाड्यांचे क्रमांक तरी पाठ होतील.

हाल साफ्लिएनीचं भूमिगत दफनस्थान ‘तिथे गेल्यावर बघू’ या यादीत टाका. 1902 मध्ये घरांसाठी पाण्याच्या टाक्या खोदताना मजुरांना ते सापडलं. खडकात कोरलेले तीन मजले, सुमारे सात हजार माणसांचे अवशेष आणि छतावर गेरूची तांबडी वेटोळी. माणसांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने आणि ओलाव्याने ते रंग खराब होतात, म्हणून एका वेळी दहा आणि दिवसाला ऐंशी जणच आत सोडतात. तिकिटं काही आठवडे आधी संपतात. उशीर झाला तर पैसे गेले, सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, फोटोही काढता येत नाहीत. दारातल्या माणसाला ‘आम्ही फार लांबून आलोय’ असं जरूर सांगा. तो हे रोजच ऐकतो.

व्हॅलेटातलं सेंट जॉन को-कॅथीड्रल रविवारी पर्यटकांना बंद असतं, म्हणून रविवार ठेवा. चुकून दुसरा वार आलाच, तर टोकदार टाचांचे सँडल घाला. तिथली जमीन म्हणजे पूर्वी माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉन संघाच्या सरदारांच्या चारेकशे थडग्यांच्या रंगीत संगमरवरी शिळा आहेत आणि त्यांना खळगे पडू नयेत म्हणून अशा टाचांना मनाई आहे. आत इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं ‘बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद’ हे 1608 चं चित्र आहे, पाच मीटरहून रुंद. त्याने स्वतःचं नाव लिहिलेलं हे एकमेव चित्र, आणि लिहिलंय कुठे, तर योहानाच्या मानेतून सांडलेल्या रक्तात. त्याच वर्षी मारामारीपायी तो कैदेत पडला, किल्ल्यातून पळाला आणि याच दालनात, याच चित्रासमोर, सरदारांनी त्याला संघातून हाकलला. तुम्ही मात्र पाठ करून सेल्फी घ्या आणि सही न शोधता बाहेर पडा, बस पकडायची आहे.

शेजारच्या गोझो बेटावर जाऊन ‘निळी खिडकी’ या खडकाच्या कमानीसमोर उभं राहायला विसरू नका. ती कमान 8 मार्च 2017 च्या वादळात समुद्रात कोसळली, त्यामुळे गर्दीचा त्रास नाही. चिर्केव्वाच्या फेरीबोटीला जाताना तिकीट मागत नाहीत, म्हणून फुकट आहे असं समजून खूश व्हा. पैसे परतताना घेतात. कोमिनो बेटावरच्या ब्लू लगून या खाडीला 2025 पासून आधी ऑनलाइन वेळ नोंदवावी लागते. ती न नोंदवता जा.

आणि हॉटेल? ‘शांत जुनं गाव, चर्चसमोर’ असंच शोधा. तारखा पाहू नका. उन्हाळ्यात आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावची फेस्ता, म्हणजे गावच्या संताचा उत्सव, असते आणि त्या दिवशी सकाळी आठलाच आकाशात सुतळी बॉम्बांच्या वरताण बार उडू लागतात. खिडक्या वाजतात, कुत्री पलंगाखाली जातात आणि रात्री चर्चच्या चौकात बँड सुरू होतो. रिसेप्शनवर तक्रार करायला जाऊ नका. तिथला पोरगा त्याच बँडमध्ये कर्णा वाजवायला गेलेला असण्याची शक्यता आहे.