बालगोपाल आणि 'नक्षल्यांचे वकील'

'के. बालगोपाल हे नक्षल्यांचे वकील. पोलिसांवर खटले भरले, नक्षली हिंसेवर मात्र चकार शब्द काढला नाही', असा मजकूर फिरतो आहे. तो खरा नाही.

मुळात बालगोपाल गणिताचे. वरंगळच्या काकतीय विद्यापीठात शिकवायचे. १९८३ पासून ते आंध्र प्रदेश नागरी हक्क समितीचे सरचिटणीस. वकिलीचा काळा कोट खूप नंतर अंगावर आला. तेलुगू साहित्यावर ते मार्क्सवादी अंगाने समीक्षा लिहीत. आपल्या दामोदर कोसंबींची ओळख तेलुगू वाचकांना करून देणारे पुस्तकही त्यांचेच. एका गणितज्ञाने दुसऱ्याच्या इतिहासलेखनावर लिहावे, हेही छानच!

आता हिंसेचे. सरकारी दडपशाहीइतकेच सशस्त्र गटांच्या हिंसेबद्दलही बोलले पाहिजे, हा आग्रह त्यांनी समितीतच धरला. मतभेद विकोपाला गेले, ते बाहेर पडले आणि १९९८ मध्ये सहकाऱ्यांसह मानवी हक्क मंच उभा केला. जुन्या सोबत्यांची नाराजी त्यांनी पत्करली ती नेमकी याच मुद्द्यावर. मजकूर लिहिणाऱ्याला एवढे तरी ठाऊक हवे होते.

पोलिसांविरुद्ध ते लढले, हे मात्र खरे. चकमकीत माणूस मेला तर गुन्हा नोंदवावाच लागेल, स्वसंरक्षणाचा दावा खटल्यात सिद्ध करावा लागेल, असा निकाल आंध्र उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी फेब्रुवारी २००९ मध्ये दिला. त्यात युक्तिवाद करणाऱ्यांत बालगोपाल होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला बालगोपाल गेले.